खालच्या मजल्यावरचं लग्न

६ जानेवारी

नव्या वर्षाचा संकल्प: रागवायचं नाही. डॉक्टर म्हणाले बीपी वर आहे. पहिले पाच दिवस उत्तम गेले. आज बिशपचा फोन आला. संकल्प पुढच्या आठवड्यापासून.

बिशप म्हणजे सेमिनरीतला, फादर व्हायचं शिक्षण घेतानाचा माझा बॅचमेट. लॅटिनच्या परीक्षेत माझ्या पेपरात डोकावायचा. तो बिशप झाला आणि मी याच चर्चचा फादर राहिलो, याचं मला काहीही वाटत नाही. म्हणाला की तुला असिस्टंट पाठवतोय. म्हटलं देव पावला, दोन वर्षं मागत होतो. मग घसा खाकरून म्हणाला की तो मॅरीड आहे.

मी फोन उजव्या कानावरून डाव्या कानावर घेतला. तरी मॅरीडच.

८ जानेवारी

चौकशी केली. खरं आहे. गृहस्थ दुसऱ्या पंथाच्या चर्चमध्ये पाळक होता. त्यांच्यात पाळकांना लग्न करता येतं. मग याला आमची शिकवण पटली, सहकुटुंब कॅथलिक झाला, आणि रोमने खास परवानगी देऊन त्याला फादर केलं. बायकोसकट!

आम्हाला तेविसाव्या वर्षी सांगितलं की चर्चची वेदी किंवा बोहलं, दोन्हींतलं एक काय ते निवडा. आम्ही मान खाली घालून निवडलं. हा मागच्या दाराने आला आणि दोन्ही घेऊन बसला. एवढी वर्षं एकटा जीव सदाशिव राहून ज्यांनी चर्च चालवलं ते काय बावळट?

मला स्वतःसाठी काही म्हणायचं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१५ जानेवारी

आले. नवरा, बायको, सहा वर्षांची मुलगी आणि टेम्पोभर सामान. चर्चच्या या बंगल्यात आजवर कुठल्याही फादरचं सामान दोन बॅगांच्या वर गेलेलं नाही. यांचं नुसतं भांड्यांचं खोकं दोघांनी उचललं.

खालचा मजला त्यांना, वरचा मला. भटाला दिली ओसरी. आता बघत राहा हातपाय कसे पसरतात.

१९ जानेवारी, रविवार

त्याला मी मनातल्या मनात नवरदेव म्हणतो. तिला काय म्हणायचं यावर मिस्साची उपासना संपल्यावर अंगणात बायकांची मीटिंग झाली. सिस्टर म्हणता येत नाही, मॅडम परकं वाटतं. पाटलाची पाटलीण, डॉक्टरची डॉक्टरीण, तशी फादरची फादरीण. एकमताने पास. तळपायाची आग मस्तकात गेली. सगळ्यांत मोठ्याने टाळी वाजवणारी मावशी. ही माझी स्वयंपाकीण. एकोणीस वर्षं माझ्या हातचा पगार घेते.

दुपारी पाहतो तर अंगणातल्या दोरीवर माझा पांढरा झगा आणि त्याला खेटून एक फुलाफुलांचा फ्रॉक. चर्चच्या आवारात! ताबडतोब समज द्यायला हवी. संध्याकाळी खाली उतरलो. फादरीण तेव्हाच सूप वाढत होती. म्हणाली की आधी बसा, बोलू मग. इन्स्पेक्शन म्हणून बसलो.

निरीक्षणं: सूप गरम. तिघंही एकाच वेळी बोलतात, शिस्त नाही. नवरदेव बायकोच्या ताटातला बटाटा न विचारता उचलतो. दुसऱ्यांदा वाढलं तेही घेतलं, नाहीतर गैरसमज झाला असता. दोरीचं बोलायचं राहिलं. उद्या पुन्हा जावं लागणार.

२७ जानेवारी

दोरीचं अजून बोललेलो नाही. योग्य वेळ बघतोय. रोज जातो.

मावशी म्हणाली की तुम्ही खालीच जेवता तर मी वर कोणासाठी गॅस जाळू, उद्यापासून फक्त सकाळी येईन. म्हणजे या लोकांपायी माझं संध्याकाळचं जेवणही गेलं. आता नाइलाज म्हणून खाली जेवणं भाग आहे. संताप.

४ फेब्रुवारी

जेवताना विषय काढलाच. आडून नाही, तोंडावर. म्हटलं, धर्मगुरूचं काळीज अखंड हवं. अर्धं देवाला, अर्धं घराला, ही वाटणी आम्हाला मान्य नाही. फादरीण पाव कापता कापता म्हणाली की पेत्र तर पहिला पोप, त्याला सासू होती, ती तापाने फणफणली होती आणि प्रभूने तिला बरं केलं, असं शुभवर्तमानात आहे ना? आणि सासू आहे म्हटल्यावर बायको असणारच की.

मी म्हटलं, पेत्राच्या बायकोबद्दल चकार शब्द नाही. सासूबद्दल मात्र आहे. यातच काय ते आलं.

नवरदेवला ठसका लागला. माझ्या मुद्द्याने तो हादरला असावा. फादरिणीने त्याची पाठ चोळली. माझ्यासमोर!

९ फेब्रुवारी, रविवार

लग्न ठरलेल्या जोडप्यांचा कोर्स सुरू. चर्चमध्ये लग्न करायचं तर हा कोर्स करावाच लागतो. बावीस वर्षं मी एकटा घेतोय. ‘नवरा-बायकोतील संवाद’ हा माझा तक्ता दुसऱ्या चर्चवाले मागून नेतात. (एकदा नेला होता. लगेच परत आणून दिला.) बिशपच्या सांगण्यावरून यंदा एक तास नवरदेवला. मी मागच्या बाकावर बसलो, शिकवणुकीत काही चुकू नये म्हणून.

त्याच्याकडे तक्ता नाही, नोट्स नाहीत. उभा राहिला आणि सांगायला लागला की लग्नाला अकरा वर्षं होत आली, पण झोपताना खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर अजून तोडगा नाही. मुलं हसली, मुली हसल्या. एकीने वहीत लिहून घेतलं! बावीस वर्षांत माझं कोणी आपणहून लिहून घेतलं नाही. तास संपला तरी पोरं त्याला सोडेनात. हे मार्गदर्शन नव्हे, ही करमणूक आहे. मी बोर्ड पुसायला थांबलो होतो, कोणी मदतीलासुद्धा आलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज माझा तास. तक्ता मुद्दाम घरी ठेवला. त्यांना उदाहरणं हवीत ना, घ्या उदाहरणं.

सुरुवात झकास. बोलण्याच्या भरात म्हणून गेलो की आमच्याकडेसुद्धा खिडकीवरून हेच चालतं, एक उघडतो, एक बंद करतो. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मी खुलासा केला की आमच्याकडे म्हणजे बंगल्यात. म्हणजे खाली. मागच्या बाकावरून एक जण अगदी नम्रपणे विचारतो, फादर, तुम्ही हल्ली खाली झोपता का?

संध्याकाळपर्यंत पॅरिशभर, चर्चच्या घराघरांत झालं. माझी काय चूक? खिडकी नवरदेवची. मला लग्नच करू दिलं नाही आणि लग्नावर बोलायला उभं केलं ते कोणी? पोहता न येणाऱ्याला काठावर उभं करून बावीस वर्षं पोहायला शिकवायला लावलंय, आणि आता एक ओल्या अंगाचा माणूस आणून बाजूला उभा केला. चिडू नको तर काय करू!

खाली जेवताना कोणी विषय काढला नाही. फादरिणीने मला मोठा बटाटा दिला. दया नको आहे मला. खाल्ला.

२६ फेब्रुवारी

उपवासकाळ सुरू. चाळीस दिवस काहीतरी सोडायचं. मी खालचं जेवण सोडलं. दृढ निश्चय. वर बसून ब्रेड आणि चहा. खालून तिघांच्या हसण्याचा आवाज. उपवासाच्या पहिल्याच दिवशी हसतात.

२७ फेब्रुवारी

मुलगी वर येऊन विचारून गेली की तुम्ही रुसलात का. लहान मुलाच्या मनात किल्मिष राहू देणं हे उपवास मोडण्यापेक्षा मोठं पाप. खाली गेलो. त्याऐवजी साखर सोडली.

२ मार्च

साखर परत सुरू. बीपीसाठी.

७ मार्च

माझा प्रभाव पडायला लागला आहे. पूर्वी नवरदेव रात्रीची प्रार्थना उशिरा करायचा. हल्ली ताटं उचलली की लगेच सुरू करतो, आणि शेवटी मोठ्याने म्हणतो की चला, आता सगळ्यांना शांत झोप लागो. भक्ती वाढली आहे. त्यानंतर मी त्याला थोडा वेळ ब्रह्मचर्याच्या इतिहासावर मार्गदर्शन करतो. काल चौथ्या शतकापर्यंत आलो. तो डोळे मिटून ऐकतो.

फादरीणही सुधारतेय. काल झाडायला म्हणून सगळ्या खुर्च्या टेबलावर उलट्या घातल्या, माझी तेवढी सोडली. आदर म्हणतात तो हा.

९ मार्च

त्या दोघांत काहीतरी बिनसलं होतं. तिला शाळेत नोकरी लागतेय, तो म्हणतो मुलीकडे कोण बघणार. मी खुर्ची ओढून मध्ये बसलो आणि तक्त्यातले चार मुद्दे समजावून सांगितले. भांडण तिथेच थांबलं. बावीस वर्षांचा अनुभव वाया जात नाही.

नंतर दोघं पार्कमध्ये पाय मोकळे करायला निघाले. मला राहवलं नाही, सोबत गेलो. पार्कमधल्या बाकावर तिघांना जागा पुरत नाही. कोणीतरी कळवायला हवं. सरकारी कामं अशीच.

१४ मार्च

आज त्यांच्या लग्नाचा वाढदिवस. मला सांगितलं नव्हतं, मुलीकडून कळलं. बाहेर जेवायला जायचा बेत होता, मुलीला मावशीकडे ठेवून. मला वाटलं संकोचाने बोलावलं नसेल. मीच तयार होऊन दारात उभा राहिलो. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आनंदाने असावं.

हॉटेलात मेणबत्ती, लहानसं टेबल. वेटरने विचारलं की तिसरी खुर्ची कुठे लावू. मी छोटंसं भाषण केलं, विवाह हा संस्कार आहे, थट्टा नाही, वगैरे. शेजारच्या टेबलावरचे लोकसुद्धा ऐकत होते. परत येताना फादरीण पुढे चालत होती, एकटी, भराभर. थंडी होती.

मला सांगा, एवढं सगळं मी करतो, लष्कराच्या भाकऱ्या भाजतो, आणि परवा बिशपच्या भाषणात नाव कोणाचं? नवरदेवचं. कुटुंबवत्सल सेवेबद्दल.

२० मार्च

मुलीला ताप. फादरीण नव्या शाळेत, नवरदेव एका दफनविधीला, मावशीचा फोन लागेना. दुपारभर मी बसलो. पाण्याच्या घड्या ठेवल्या. तिने विचारलं की तुम्हाला घरी कोण रागावतं. म्हटलं, कोणी नाही. ती म्हणाली, बापरे, मग चुकलं ते कळतं कसं?

मग माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. खांदा अवघडला. हलवला नाही.

आणि एकाएकी इतका राग आला की कान तापले. पस्तीस वर्षांपूर्वी मला कोणी विचारलं नाही. म्हणजे विचारलं, भर दीक्षेच्या समारंभात विचारलं, आणि मी मोठ्याने हो म्हणालो. पण बायको मिळणार नाही एवढंच सांगितलं होतं. सहा वर्षांचं तापलेलं डोकं खांद्यावर किती जड लागतं हे कोणी सांगितलं नव्हतं. हा माणूस रोज ते उचलतो आणि वर सकाळी मिस्साही करतो, आणि चांगला करतो. त्याच्याकडून मागितलंच नाही ते माझ्याकडून घेतलं. अन्याय आहे हा. सरळ अन्याय. आणि दाद मागायची तर कोणाकडे, ज्याने घेतलं त्याच्याकडेच.

ती उठली. म्हणाली, तुमचा झगा ओला झालाय. घामाने, म्हटलं. तिच्या.

ठरलं. बिशपला भेटायचं. हे लोक इथून गेलेच पाहिजेत.

२३ मार्च

बिशपला भेटलो. तासभर बोललो, मुद्देसूद, न थांबता. सांगितलं की हा माणूस देवाला निम्माच वाहिलेला आहे. उरलेला निम्मा बायकोच्या ताटातले बटाटे उचलतो. ती वाढताना गाणं गुणगुणते, मधली ओळ नेहमी विसरते. मुलीला दुधाची मिशी येते, ती पुसायची कोणी यावर दोघांत इशारे होतात. ही काय धर्मगुरूच्या घराची रीत झाली?

बिशपने विचारलं की मिस्सा कसा करतो. म्हटलं, बरा. आजाऱ्यांकडे जातो? जातो. प्रवचन? लोक ऐकतात. मग विचारलं की तू रोज तिथे जेवतोस का रे? म्हटलं, नाइलाजाने. जेवणावरून किती वाजता उठतोस? हा काय प्रश्न झाला? बिशप झाला तरी डोकं जेवणातच.

बघतो म्हणाला. म्हणजे काम झालं. माझ्या शब्दाला वजन आहे.

२० एप्रिल

विजय. नवरदेवने स्वतः वर येऊन सांगितलं की बदली झाली. दोन तासांवरच्या एका कॉलेजात. राहायला स्वतंत्र क्वार्टर आहे. या महिन्याअखेर निघणार. डोळ्यांत बघून बोलत नव्हता. बिचाऱ्याला पराभव लागला असणार.

मी म्हटलं, देवाची इच्छा.

२१ एप्रिल

विजयाचा आनंद झाला. दिवसभर होता, जेवणापर्यंत.

२३ एप्रिल

बिशप हा अत्यंत उतावळा माणूस आहे. कोणी एक तास बोललं की लगेच बदली? चौकशी नाही, दुसरी बाजू ऐकणं नाही. मुलीची शाळा मध्येच तुटणार, फादरिणीची नोकरी आत्ता लागली. कोर्सच्या जोडप्यांनी काय करायचं? आणि ते बटाटे? रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो, मोठ्यांनी ते इतकं मनावर घ्यायचं नसतं. लॅटिनलाही असाच उतावळा होता.

निर्णय: मोठ्या मनाने तक्रार मागे घ्यायची. उद्याच. त्यांना कळू द्यायचं नाही की मी वाचवलं. फार तर शेवटी कधीतरी, जेवताना.

२४ एप्रिल

बिशपकडे गेलो. उभ्या उभ्याच सांगितलं की मी क्षमा केली आहे, बदली रद्द कर. तो म्हणाला, कसली क्षमा? म्हटलं, माझी तक्रार. तो म्हणाला, तुझी तक्रार होती होय ती? मला वाटलं तू त्यांचं कौतुक करायला आला होतास.

मग मला बसवलं. पाणी दिलं. बदली त्यांनीच मागितली होती म्हणे, माझ्या तासभर भाषणाच्याही आधी. फादरीण स्वतः येऊन रडून गेली. म्हणाली की फादर मनाने चांगले आहेत, रोज जेवायला येतात त्याचं काही नाही, दोन घास सगळ्यांना पुरतात. पण उठतच नाहीत. जानेवारीपासून आम्हा दोघांना एक संध्याकाळ मिळालेली नाही. भांडायचं म्हटलं तरी भांडता येत नाही, ते मध्ये खुर्ची टाकतात. असंच चाललं तर आमचं लग्न टिकायचं नाही.

बिशप हळू आवाजात म्हणाला की मला आधीच कळायला हवं होतं. बायको असलेल्या फादरने काय करायचं याचे नियम रोमने पाठवले होते, त्याच्यासोबत राहणाऱ्या फादरने काय करायचं याचे कोणी पाठवले नाहीत.

परत येताना रागवायचं ठरवलं होतं. बिशपवर, रोमवर, नवरदेववर, एकेकावर राग लावून बघितला. कोणावर बसेना.

२५ एप्रिल

आज खाली गेलो नाही.

ताटं मांडल्याचा आवाज आला. मग मुलगी वर आली, म्हणाली की आई विचारतेय, येताय ना? म्हटलं, आज भूक नाही. तिने जिन्यातूनच ओरडून सांगितलं की ते येत नाहीयेत. खालून फादरीण ‘बरं’ म्हणाली. मी तो ‘बरं’ नीट ऐकला. त्यात वाईट वाटल्यासारखं काही नव्हतं.

जेवणं झाली. मुलगी झोपली असावी. मग ते दोघं भांडायला लागले, सामान आधी कोणतं बांधायचं यावरून. आधी दबक्या आवाजात, मग चांगले मोकळे होऊन. मध्येच तो काहीतरी म्हणाला आणि ती हसली, आणि मग पुन्हा भांडली. मी वरच्या पायरीवर बसून शेवटपर्यंत ऐकलं.

कोण जिंकलं ते कळलं नाही. विचारायला खाली जाता येत नव्हतं.